बाथरूममधला गिझर आणि भिंतीतले धुराडे

थंडी पडू लागली की घराघरांत गरम पाण्याची निकड भासते. विजेचे बिल झेपत नाही म्हणून अनेक कुटुंबे गॅसचा गिझर बसवून घेतात. नळ सोडताच पाणी गरम येते, सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांची आणि शाळेच्या मुलांची सोय होते. परंतु याच दिवसांत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अशीही बातमी असते की, अंघोळीला गेलेले माणूस बाहेर आलेच नाही, दार तोडावे लागले. यांतील बहुतेक मृत्यू टाळता येतात. म्हणून गिझर बसविताना काय पाहावे, हे आज नीट समजून घेऊ.

मारतो कोण?

गॅसला जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. हा वायू मात्र कळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग छाती हलत असली, श्वास चालू असला, तरी मेंदूला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. कडी काढावी एवढे सुचेपर्यंत हातातले बळ गेलेले असते.

आता साधा हिशेब करू. मिनिटाला 6 लिटर पाणी तापविणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला सुमारे 1 किलो गॅस जाळतो. 1 किलो गॅस नीट जळण्यास सुमारे 12 घनमीटर हवा लागते. आपली बाथरूम 4 फूट रुंद, 6 फूट लांब, 8 फूट उंच धरली, तर तिच्यात हवा साडेपाच घनमीटरही नसते. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर 10 मिनिटांत एक तृतीयांशाहून जास्त हवा गिझरच खाऊन टाकतो. उरलेल्या हवेत आपण श्वास घ्यायचा!

शिवाय आपल्याकडे अंघोळी एकामागून एक होतात. प्रत्येकाच्या अंघोळीला बाथरूममधली हवा अधिक खराब होत जाते. सर्वांचे आटोपल्यावर शेवटी कोण जाते? बहुधा घरातली आई किंवा सून. सर्वांत वाईट हवा तिच्या वाट्याला येते. याचा विचार घरच्या पुरुषांनी करावा.

गिझर कोठे बसवावा?

सर्वांत उत्तम म्हणजे बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. गॅलरीत किंवा मागच्या अंगणात गिझर व सिलिंडर ठेवून फक्त गरम पाण्याचा पाईप आत घ्यावा. मात्र काचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे मोकळी हवा नव्हे, तीही खोलीच झाली.

जागा नाही, गिझर घरातच हवा, असे असेल तर धूर भिंतीतून बाहेर काढलाच पाहिजे. येथे बहुतेक ठिकाणी गफलत होते. साध्या गिझरचा धूर गरम असल्यामुळे वर चढतो, आडवा जाण्यास तो राजी नसतो. भिंतीला भोक पाडून आडवी नळी घातली, तर वारा समोरून आला की सगळा धूर परत आत येतो. म्हणून बाजूच्या भिंतीतून धूर काढावयाचा असल्यास धूर ढकलणारा पंखा आतच असलेला गिझर घ्यावा. दुहेरी नळीचा, म्हणजे हवाही बाहेरूनच घेणारा व धूरही बाहेरच सोडणारा बंद गिझर मिळाला तर अधिकच चांगले. घेताना आयएसआय खूण पाहावी.

मिस्त्री आला की या गोष्टी उभे राहून पाहा:

1) नळी धातूचीच हवी. पीव्हीसी पाईप उष्णतेने मऊ पडतो व सांधे उघडतात.

2) नळी शक्य तितकी आखूड, कमीत कमी वळणांची असावी. उतार कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही.

3) सांधे उष्णता सोसणाऱ्या पट्टीने बंद करावेत व भिंतीतील फट बुजवून घ्यावी. नाहीतर बाहेर गेलेला धूर फटीतून आत शिरतो.

4) नळीचे तोंड उघड्या आकाशाखाली निघावे; इमारतीच्या बंद डक्टमध्ये किंवा जिन्यात सोडू नये. तोंडाशी टोपी असावी. कबुतराने घरटे केले आहे का, हे थंडीपूर्वी पाहावे.

5) शेजाऱ्याच्या खिडकीखाली धूर सोडू नये. अमेरिकेत घर तापविणाऱ्या बॉयलरचा धूर पंख्याने बाजूच्या भिंतीतून काढताना तोंड खिडकी-दाराच्या बाजूला किंवा खाली असेल तर 4 फूट, वर असेल तर 1 फूट अंतर ठेवण्याचा नियम आहे. चाळीत एवढी जागा मिळणे अवघड, तरी आपला धूर दुसऱ्याच्या बाळाच्या पाळण्यापाशी जाऊ नये.

6) धुराडे असले तरी दुहेरी नळीचा गिझर सोडून बाकी सर्वांना खोलीतलीच हवा लागते. म्हणून दाराच्या खालच्या भागात जाळी व वर कायम उघडा झरोका ठेवावा. थंडी वाजते म्हणून तो पुठ्ठ्याने झाकू नये.

भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन म्हणजे धुराडे नव्हे. आत येण्यास हवेला वाट नसेल, तर तो फॅन धुराड्यातूनच हवा ओढतो व त्याबरोबर धूरही आत येतो.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, सोसायटी परवानगी देत नाही, अशी अडचण अनेकांची असते. त्यांनी हा नियम पाळावा: दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मग अंघोळीला जा. गिझर चालू ठेवून कडी लावायची नाही, हे मुलांच्या अंगवळणी पाडा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर गिझर बंद ठेवून दुरुस्त करून घ्यावा.

कोणी पडल्यास

दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. या वायूने झटकेही येतात. फिट आली म्हणून चप्पल किंवा कांदा हुंगवीत बसू नका, बाधा झाली म्हणून देवऋषाकडे तर मुळीच नेऊ नका. त्याला हवा आहे प्राणवायू, आणि तो इस्पितळातच मिळतो. “गॅसचा गिझर चालू होता” हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायचे साधे यंत्र या विषबाधेत प्राणवायू ठीक असल्याचे खोटेच दाखविते. त्यावर विसंबून घरी परतू नका.

हा मजकूर घरात सर्वांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्या शेजारणीलाही सांगा. उद्या सकाळी अंघोळीपूर्वी आपल्या गिझरचा धूर नेमका कोठे जातो, हे एकदा स्वतः पाहून घ्या.