नकार नेमका कोणाचा?

"आमच्या धर्मात हे चालत नाही," असे दवाखान्यात ठणकावून सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः आजारी नसतो. तो नवरा असतो, सासरा असतो, दीर असतो. पुरुष डॉक्टर नको, सिझेरियन नको, हे बाहेर बाकड्यावर ठरते. कळा सोसणाऱ्या बाईला कोणी विचारतच नाही.

मी याला धर्मस्वातंत्र्य म्हणायला तयार नाही.

जाणत्या, प्रौढ रुग्णाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात तो मान्य केला. पण हा हक्क रुग्णाचा आहे, नातेवाइकांचा नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली. रुग्ण प्रौढ आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. आईचा होकार मुलीच्या जागी चालत नसेल, तर नवऱ्याचा नकार बायकोच्या जागी कसा चालेल?

शाळेच्या सहलीचे संमतीपत्र आम्ही पालकांकडून भरून घेतो, कारण मूल अज्ञान असते. तीस वर्षांची बाई अज्ञान नसते.

आता दीनकडे वळू. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली. पाण्याने अपाय होत असेल तर वुजूऐवजी तयम्मुम आहे. भुकेने जीव जात असेल तर एरवी हराम असलेले अन्नही खाण्याची मुभा आहे. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्यावर मशिदीतल्या तंबूत उपचार केले ते रुफैदा (रजि.) या महिलेने. मग आमची हया त्यांच्यापेक्षा मोठी झाली का?

महिला डॉक्टर मागणे रास्तच आहे. ती मागणी नाव नोंदवतानाच करा, तालुक्याच्या रुग्णालयात महिला डॉक्टर नेमायला लावा. पण मध्यरात्री ती मिळाली नाही, तर किंमत बाईच्या जिवाने का मोजायची?

एखादी बाई सगळे समजून स्वतः नकार देत असेल, तर तो मानलाच पाहिजे. मात्र तिला एकटीला, तिच्या भाषेत विचारा. आणि मुलाच्या जिवाचा प्रश्न असेल, तर आईबापाची श्रद्धा ही मुलाची संमती होत नाही.

जुम्याच्या बयानात इमामसाहेब रोजा कशाने तुटतो ते सांगतात. एका जुम्याला एवढेही सांगावे: बायकोच्या जिवावर नवऱ्याची मालकी नाही, ती अल्लाहची अमानत आहे.