भागीदारी कोणाची, भार कोणावर?

शहरांच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ आणि ‘संमिश्र वापर’ या दोन गोंडस शब्दांचा जप सुरू होतो. सरकारने जमीन द्यावी, विकासकाने भांडवल घालावे आणि गरिबाला पक्के घर मिळावे, असा हा हिशेब. तो प्रत्यक्षात कसा उतरतो, हे दिल्लीच्या कठपुतली कॉलनीने दाखवून दिले आहे.

शादीपूरजवळची ही वस्ती राजस्थानातून आलेल्या बाहुलीकारांनी, जादूगारांनी आणि कसरतपटूंनी वसवली. दिल्ली विकास प्राधिकरणाने २००९ साली तिचा ५.२२ हेक्टरांचा भूखंड एका खासगी कंपनीकडे पुनर्विकासासाठी सोपवला. रहिवाशांसाठी २८०० घरे आणि विक्रीसाठी ५४ मजली मनोरा व व्यापारी गाळे, अशी ती योजना होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात वस्ती पाडण्यात आली. आनंद पर्वतच्या संक्रमण शिबिरात गेलेल्यांना दोन वर्षांत परत आणण्याचा शब्द दिला होता. पाडकामानंतर पाच वर्षे उलटली तरी घरांचा ताबा मिळाला नव्हता. म्हणजे जमीन जनतेची, नफा विकासकाचा आणि विलंबाची किंमत मात्र कष्टकऱ्यांनी मोजायची!

वास्तविक, खरा संमिश्र वापर त्या वस्तीत आधीपासूनच होता. घर, कारखाना आणि तालमीचे अंगण तेथे एकाच छपराखाली नांदत होते. योजनेतील संमिश्र वापर म्हणजे एकीकडे गरिबांची खुराडी आणि दुसरीकडे श्रीमंतांचा बाजार. पुरुषभर उंचीच्या बाहुल्या बहुमजली इमारतीतील इवल्याशा सदनिकेत कोठे ठेवायच्या, याचे उत्तर कोणत्याच नकाशात नाही.

हेच सूत्र आता मुंबईत धारावीला, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, लावले जात आहे. २०२२ च्या निविदेनंतर स्थापन झालेल्या कंपनीत अदाणी समूहाचा वाटा ८० टक्के, तर राज्य शासनाचा २० टक्के आहे. कुंभारवाड्याच्या भट्ट्या आणि चामड्याचे कारखाने यांचे भवितव्य आता या ताळेबंदावर अवलंबून राहणार.

गटारे उघडी राहावीत, असे कोणीच म्हणत नाही. पुनर्विकास हवाच, परंतु रहिवाशांना घरांचा ताबा मिळाल्याखेरीज विक्रीची एकही वीट रचू देऊ नये, घराबरोबर कामाची जागाही हक्काने मिळावी आणि नफ्याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. ज्या करारावर रहिवाशांची सहीच नाही, त्याला भागीदारी म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय.