माळ्यावरचे व्हायोलिन

आमच्या गोंदियात ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवातली सिनेगीतांची मैफल. दुसरा ऑर्केस्ट्राही असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळले. १९९४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिक घेऊन मुंबई-दिल्लीला आले, तेव्हा. सोबत जगद्विख्यात व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन होते आणि गिल शहम नावाचा तेवीस वर्षांचा तरुण. याच शहमला १९८९मध्ये पर्लमन आजारी पडल्यामुळे लंडनला ऐनवेळी त्यांच्या जागी उभे केले होते. ब्रुख आणि सिबेलियस यांचे कंचेर्टो त्याने निभावून नेले.

मुंबई इथून जवळजवळ हजार किलोमीटर. मी गेलो नाही; पुढे कॅसेटवर कंचेर्टो ऐकले. शंभराच्या आसपास वादक मागे बसलेले आणि एकटा पुढे उभा! मध्येच सगळे थांबतात आणि तो एकटाच वाजवत राहतो. मला आमचे झाडीपट्टीचे नाटक आठवले. धान निघाल्यावर गावोगावी रात्रभर चालणारे. नट तान लांबवू लागला की रंगमंचासमोर बसलेला पेटीवाला हात आवरतो आणि नुसता त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. समेवर कधी येतोस बाबा? जाणकार हसतील, पण मला कंचेर्टो समजला तो असा.

माझी धाकटी मुलगी दोन वर्षे व्हायोलिन शिकली. आपल्या पद्धतीने, मांडी घालून. शिकवणारे गृहस्थ रेल्वेत होते. त्यांची बदली झाली. पुढे दहावी आली, आणि ते वाद्य मीच पेटीत घालून माळ्यावर ठेवले. ती काही बोलली नाही.

झुबिन मेहतांचे वडील मेहली स्वतः व्हायोलिनवादक. १९३५मध्ये त्यांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे झुबिनना सूर घरातच मिळाला. ज्यांच्या घरात नाही, त्यांना तो कुणी द्यायचा? २००६मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या देशाला बहुतेक वादक परदेशातून आणावे लागले. त्यात नवल कसले? १९९९मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, कार्यालये आली, शिकवणी वर्ग तर गल्लोगल्ली आले. सभागृहाची मागणी प्रत्येक निवडणुकीत होते. संगीतशिक्षकाच्या पदाची मागणी केलेली मी तरी ऐकली नाही. सभागृहाला कोनशिला असते, हे एक कारण असावे. नगरपालिकेच्या एका शाळेत एक खोली आणि बदली न होणारा एक शिक्षक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

गेल्या महिन्यात ती पेटी खाली काढली. गजाचे केस किड्यांनी खाल्लेले, दोन तारा तुटलेल्या. शेजारचा सातवीतला मुलगा वाकून पाहत होता. त्याने उरलेली तार बोटाने छेडली आणि विचारले, "काका, हे शिकवते कोण इथं?"

तारा नागपूरला मिळतील. गजही भरून मिळेल.