नाम की विशेषण?

इंग्लंडमध्ये इयर सिक्सच्या मुलांना मे महिन्यात इंग्रजी व्याकरणाचा पेपर असतो. २०१३ साली तो सुरू झाला. तेव्हापासून अनेक आजी-आजोबांना प्रश्न येतो, ‘हा शब्द नाउन की ॲडजेक्टिव्ह?’ आपण शाळेत पाठ केलेलं उत्तर देतो : नाव सांगतं ते नाम, गुण सांगतं ते विशेषण.

मराठीत शब्दाचं रूपही मदतीला येतं. मोठा, मोठी, मोठे असं लिंगाप्रमाणे बदलणारं विशेषण लगेच ओळखू येतं. इंग्रजी विशेषण असं बदलत नाही. तिथे शब्दाची जागा पाहावी लागते.

‘कोल्ड’ घ्या. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे. इथे ते विशेषण. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. इथे ते नाम. जीपीशी फोनवर बोलताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा!

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शब्दसूचीतही म्हटलं आहे, की ‘नाव सांगणारा शब्द’ एवढ्यावर नाम ओळखता येईलच असं नाही. शब्द कसा वापरला आहे ते पाहा. त्यासाठी दोन सोप्या कसोट्या :

एक, शब्दाला विशेषण जोडता येतं का? ‘अ बॅड कोल्ड’ चालतं, म्हणून ते नाम. ‘व्हेरी’ जोडता आलं, तर बहुधा विशेषण : ‘व्हेरी कोल्ड’.

दोन, शब्द ‘इज’नंतर ठेवून पाहा. ‘रेड बस’वरून ‘द बस इज रेड’ म्हणता येतं. ‘लंडन बस’वरून ‘द बस इज लंडन’ म्हणता येत नाही. ‘लंडन’ बसबद्दल माहिती देत असला, तरी तो नामच राहतो.

आता आपलाच शब्द पाहा : ‘मराठी’. ‘मराठी माणसाला’ यात ते विशेषण. ‘मराठीत बोल’ यात नाम, म्हणजे भाषा. इथल्या आपल्या मुलांकडे विशेषण चांगलं टिकलं आहे : मराठी जेवण, मराठी सण, मराठी गाणी. मागे पडतं आहे ते नाम. म्हणून मंडळी, यंदा नातवंडांना इंग्रजी व्याकरण जरूर शिकवा. पण समजावून सांगा मराठीत.