मुळावरची गाठ आणि युरियाचे पोते

पावसाची चाहूल लागली की कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी रांगा लागतात. पंचेचाळीस किलोचे पोते शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. उर्वरित भार केंद्र सरकार अनुदानाच्या रूपाने सोसते. युरियानिर्मितीस लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा परदेशातून येतो आणि तेवढ्यानेही भागत नाही म्हणून तयार युरियाही आयात होतो. स्वदेशीचा विचार साबण आणि दंतमंजनापाशी थांबवणाऱ्यांनी या पोत्याकडेही पाहायला हवे.

वस्तुतः हवेत ७८ टक्के नत्र आहे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू ते पिकाला मिळवून देतात. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ मध्ये हे जिवाणू वेगळे काढले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून येथील शेतकरी ज्वारीत तूर आणि बाजरीत मटकी-हुलगा पेरत होता, द्विदलाचा बेवड चांगला हे ओळखून होता. अभिमान वाटावा असेच हे आहे. मात्र अभिमानाने मुळांवर गाठी धरत नाहीत. ब्राझीलने योहाना ड्योबेराइनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या आग्रहाने जिवाणूंवर पोसले जाणारे सोयाबीनचे वाण निवडले. तेथे सोयाबीनला नत्रखत जवळजवळ दिलेच जात नाही.

साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. हा घेवडा राजम्याच्या कुळातला, आणि हे कूळ नत्र स्थिर करण्यात दुबळे. सोयाबीनचे जिवाणू त्याला चालत नाहीत. त्याचे स्वतंत्र संवर्धक लागते, शिवाय शेणखत आणि थोडे नत्रखतही द्यावे लागते. पाकीट लावले की खत बंद, असे भाबडे आश्वासन सेंद्रिय शेतीच्या उत्साही प्रचारकांनी देऊ नये. उलट पेरणीबरोबर भरमसाट युरिया टाकला, तर मुळे गाठी धरण्याचे टाळतात, हेही सांगावे.

प्रक्रिया सोपी आहे. २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या गार पाण्यात कालवून दहा किलो बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचे. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. खरी अडचण पाकिटाच्या आत आहे. २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा मानदंड आहे. मे-जूनच्या उन्हात पत्र्याच्या दुकानात पडलेल्या पाकिटात त्यांतील किती उरत असतील? युरियावर अनुदान देणाऱ्या शासनाने या पाकिटांचे नमुने दुकानातून उचलून तपासण्याचा खर्च अवघड मानू नये. एकदा फसलेला शेतकरी पुन्हा पाकीट घेत नाही; तो मुकाट्याने युरियाच्या रांगेत जातो.

ग्रामविकासात रमलेल्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. गावात एका शेतात चार ओळी प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या आणि चार तशाच पेराव्यात. चाळीसाव्या दिवशी रोपे हलक्या हाताने उपटून गाठी चिरून पाहाव्यात. आतून गुलाबी-लाल निघाल्या, तर जिवाणू कामाला लागले आहेत. प्रक्रिया केलेल्या ओळींतही पांढऱ्या वा हिरवट निघाल्या, तर आधी युरिया किती टाकला ते आठवावे, आणि मग पाकिटावरचा बॅच क्रमांक घेऊन दुकानदाराला गाठावे.