स्वारगेटचा रस आणि नॅनोची बाटली



कोर्टकचेरी, दवाखाना, मुलांचे कॉलेज, या ना त्या कामाने आपले पुण्याला जाणे होतेच. स्वारगेटला एस.टी.तून उतरले की पाय आपोआप रसवंतीकडे वळतात. रसवाला उसाबरोबर लिंबू का घालतो? चवीसाठी, हे खरेच. पण त्याने रस लवकर काळवंडत नाही, हेही तितकेच खरे. ऊस चरकात चिरडला की त्यातल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांची प्राणवायूशी गाठ पडते. ही गाठ घालून देते उसातलेच एक एन्झाइम आणि त्याचे काम चालते तांब्याच्या जोरावर. लिंबातले क जीवनसत्त्व प्राणवायूचा मारा स्वतःवर घेते, तर सायट्रिक आम्ल तांब्याला पकडून ठेवते. दोन्ही पाण्यात विरघळणारे, कार्बनचे रेणू!

हीच दोन कामे करणारे नवे कार्बनचे रेणू आता शास्त्रज्ञांच्या हाती आले आहेत. 1985 साली अमेरिकेत क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना 60 कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा गोळा सापडला. 1996 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा गोळा मुळात पाण्यात विरघळत नाही. त्याला हायड्रॉक्सिलचे गट जोडले की विरघळतो आणि प्रयोगशाळेत प्राणवायूचे मारक कण शोषतो, धातूंनाही धरतो. हे शास्त्र खरे आहे. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही.

आमचे म्हणणे आहे ते बाटलीबद्दल. लेबलावर ‘नॅनो’, ‘कार्बन’, ‘अँटिऑक्सिडंट’ असे शब्द दिसले की आपण खिशात हात घालतो. पण काचेच्या नळीत जे घडते ते आपल्या काळ्या रानात घडेलच असे नाही. शिवाय गुण म्हणजे नेहमी फायदाच, असेही नाही. हेच कार्बनचे गोळे उजेडात उलट मारक प्राणवायू तयार करतात. लांब कशाला, आसवनीच्या स्पेंटवॉशचा तपकिरी रंग पाहा. त्यातली मेलॅनॉइडिन द्रव्येही अँटिऑक्सिडंट आहेत, धातूही धरतात. जिवाणूंना ती सहजी पचत नाहीत, म्हणून तर तो रंग जाता जात नाही. ओढ्यात गेले तर पाण्याची नासाडी. प्रेसमडवर बेताने वापरून नीट कुजवले तर खत. गुण तोच, जागा आणि माप वेगळे.

आता आपल्या उसाकडे या. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण म्हणतो, केवडा पडला. जमिनीत लोह असते. पण चुना त्याला जखडतो. त्याला मोकळे ठेवणारा कोणीतरी लागतो. चिलेटेड खतातले धातू पकडणारे द्रव्य तेच करते. चांगल्या कुजलेल्या खतातली ह्यूमिक द्रव्येही तेच करतात. म्हणूनच हिराकस नुसते टाकू नये, दहापट शेणखतात कालवून पाच-सहा दिवस मुरवून द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे धातू पकडणारा कार्बन उकिरड्यात पडून असताना तोच आपण बाटलीने विकत आणायला निघालो!

नवे घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून घ्यावे. आधी माती तपासा. बाटलीत नेमके काय व किती आहे आणि 1985 च्या खत नियंत्रण आदेशात ते बसते का, हे विचारा. जैव-उत्तेजकेही 2021 पासून त्या आदेशाखाली आली आहेत. पावती घ्या. मग चार सऱ्यांना द्या, शेजारच्या चार तशाच ठेवा, आणि तोडणीला दोन्हींचे वजन करा. काटा खोटे बोलत नाही. सऱ्यांत फरक दिसला, तर पुढच्या हंगामात खुशाल एकरभर वापरा. नाही दिसला, तर ते पैसे शेणखत आणि कंपोस्टाच्या गाडीला लावा.