बंदी हरते, गोष्ट उरते

डिसेंबर उजाडला की दुकानांच्या दर्शनी काचांमागे पांढऱ्या दाढीचा, लाल अंगरख्यातील एक स्थूल म्हातारा येऊन उभा राहतो. त्याचे हे रूप प्राचीन असावे, अशीच आपली समजूत असते. वस्तुतः ते जेमतेम दोनशे वर्षांचे आहे.

त्याचे मूळ चौथ्या शतकातील मायरा नगरीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात सापडते. तेथील बिशप निकोलस यांनी एका दरिद्री पित्याच्या तीन उपवर कन्यांसाठी, रात्रीच्या अंधारात, कोणाच्याही नकळत सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. गुप्तदानाची ही कथा युरोपभर पसरली. ६ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन मुलांना भेटी देण्याचा दिवस ठरला. सोळाव्या शतकात संतपूजेला विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी जर्मन प्रदेशात त्यांच्या जागी बाल येशू आणला. हॉलंडमधील घरांत मात्र ‘सिंटरक्लास’ टिकून राहिला. न्यूयॉर्क ही मूळची डच वसाहत. तेथे या नावाचे ‘सांताक्लॉज’ झाले. १८२३ मध्ये छापल्या गेलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडियरची गाडी दिली. १८६३ पासून व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी त्याला गुबगुबीत देह आणि पुढे उत्तर ध्रुवावरचे घर दिले. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी हेच रूप जगभर पोहोचवले. बिशपचा मुकुट गेला, गुप्तदानाचा संस्कारही मागे पडला. उरली ती खरेदी!

मग या बाजारू लाटेत इतर समाजांच्या लोकपरंपरा वाहून गेल्या काय? तसे झाले नाही. त्या कशाच्या बळावर टिकल्या, हे मात्र समजून घ्यावयास हवे.

रशियातील लोककथांत ‘देद मोरोज’ म्हणजे हिमआजोबा आहेत. त्यांची नात स्नेगुरोच्का, म्हणजे हिमकन्या. बोल्शेविक राजवटीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस नाताळवृक्षाबरोबर या आजोबांनाही हद्दपार केले. परंतु २८ डिसेंबर १९३५ रोजी ‘प्रावदा’त पावेल पोस्तिशेव या पक्षनेत्याचे पत्र प्रसिद्ध झाले आणि मुलांचा वृक्ष नववर्षाच्या निमित्ताने परत आला. त्यापाठोपाठ आजोबाही परतले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ लयाला गेला. हिमआजोबा आजही घरोघरी येतात.

इटलीत ५ जानेवारीच्या रात्री झाडूवर बसून ‘बेफाना’ ही म्हातारी येते. गुणी मुलांना खाऊ, खोडकरांना कोळसा देते. तिच्या सणाची सुट्टी सरकारने १९७७ मध्ये रद्द केली. म्हातारी काही यायची थांबली नाही. अखेर १९८५ च्या निर्णयाने सरकारलाच ती सुट्टी परत द्यावी लागली.

आइसलँडचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. तेथे ग्रीला राक्षसिणीचे तेरा पुत्र नाताळापूर्वीच्या तेरा रात्री एकेक करून डोंगरातून उतरतात. कोणी चमचे चाटतो, कोणी दारे आपटतो. पूर्वी ते इतके भयंकर मानले जात की, त्यांच्या नावाने मुलांना भिववू नये, असे राजाज्ञेने १७४६ मध्ये बजावले गेले. १९३२ मध्ये योहान्नेस उर कोटलुम या कवीने त्यांना कवितेत बांधले आणि तेरा नावे कायमची ठरली. आज तेथील मुले खिडकीत बूट ठेवून त्यांची वाट पाहतात. परकीयाला हाकलून नव्हे, तर आपल्याला आपलेसे करून त्या चिमुकल्या देशाने आपली परंपरा राखली.

आपल्याकडे दरवर्षी शाळेतील लाल टोपीवरून वाद रंगतो. तो घालण्यापूर्वी प्रत्येक घराने स्वतःला एक प्रश्न विचारावा. संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणात हलव्याचे दागिने घालून बाळाला बसवतात, बोरे, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात. थंडीतील हा आपलाच दानोत्सव. त्याची गोष्ट आपण मुलांना शेवटची कधी सांगितली? जी गोष्ट घरात सांगितली जाते, तिला ना बाजाराचे भय असते, ना सत्तेचे. जी सांगितलीच जात नाही, तिला मात्र कोणतीही बंदी वाचवू शकत नाही.